कन्सोलचं म्हातारपण बघा!

४ डिसेंबर २०२५ ला निन्टेंडोचा 'मेट्रॉइड प्राइम ४' हा गेम बाजारात आला. नव्याकोऱ्या स्विच २ कन्सोलसाठी आला, ते ठीकच. पण तोच गेम, त्याच दिवशी, मार्च २०१७ मध्ये आलेल्या पहिल्या स्विचसाठीही आला! पावणेनऊ वर्षं जुनं यंत्र, त्याचा वारस दुकानात येऊन सहा महिने झालेले, आणि तरी कंपनी त्या जुन्या यंत्रासाठी आपला वर्षानुवर्षं खपून केलेला गेम काढते! एवढ्या जुन्या मोबाइलला साधे अपडेट मिळायचेही केव्हाच बंद झालेले असतात हो. हे कळल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. जो भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे, आता तुम्हीही ऐका.

कन्सोलच्या दुनियेत मी अगदी नवी. माझ्या वयाच्या पुष्कळांसारखा माझाही गेमशी संबंध शाळेच्या सुट्टीपुरता. टीव्हीला जोडायचा तो 'व्हिडिओ गेम', त्याच्या कॅसेटी, मारिओ, कॉन्ट्रा, प्लास्टिकच्या बंदुकीने पडद्यावरची बदकं टिपणं. ते यंत्र निन्टेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल होतं हेसुद्धा मला आत्ता कळतंय! मधली सगळी वर्षं कोरी गेली. मग भाच्याने विचारलं, "मावशी, बारावी झाली की बाबा कन्सोल घेऊन देणार आहेत. प्लेस्टेशन घेऊ, एक्सबॉक्स घेऊ की स्विच? तू जरा बघतेस का?" मी बघायला बसले आणि बघतच राहिले.

दुकानात गेलात तर तुम्हाला यंत्राचे आकडे सांगतील. फोर-के, सेकंदाला १२० फ्रेम, टेराफ्लॉप, एसएसडी. सगळं खरं आहे, आणि त्या आकड्यांनी निवड करायची म्हटली तर प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स यांत उडदामाजी काळे-गोरे करत बसावं लागतं. फुटबॉलचा गेम दोन्हीकडे आहे, 'कॉल ऑफ ड्यूटी' दोन्हीकडे आहे, 'जीटीए' दोन्हीकडे आहे. मग फरक कशाने पडतो? जो गेम फक्त त्याच यंत्रावर मिळतो, त्याने. गेम खेळणारी मुलं त्याला एक्सक्लूझिव्ह म्हणतात. इथवर भाच्यालाही माहीत होतं. त्याने लगेच तिन्ही कन्सोलच्या एक्सक्लूझिव्ह गेमच्या याद्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. पण आज दुकानात असलेली यादी अर्धीच गोष्ट सांगते. कन्सोल घरात पाच-सात वर्षं राहतो. त्यातल्या शेवटच्या वर्षांत त्याच्यासाठी कोण काय बनवणार आहे? मासिकाची वर्गणी आपण कागद बघून भरत नाही, संपादक कोण आहे ते बघून भरतो. तसं इथे स्टुडिओ बघायचे, आणि त्यांनी आधीच्या यंत्रांना उतारवयात कसं सांभाळलं ते बघायचं. ही किल्ली हाती लागली आणि चाळीस वर्षांचा इतिहास एकदम माझ्याशी बोलायला लागला!

सोनीचंच घ्या. प्लेस्टेशन ३ आला नोव्हेंबर २००६ मध्ये. रिवाजाप्रमाणे प्लेस्टेशन २ तिथेच अडगळीत जायला हवा होता. पण मार्च २००७ मध्ये सोनीच्या सँटा मोनिका स्टुडिओने 'गॉड ऑफ वॉर २' काढला, तो जुन्या पीएस२ साठी! आणि तो त्या यंत्रावरच्या सर्वांत देखण्या गेमपैकी एक. मला वाटलं, असेल एखादा योगायोग. पुढे गेले. प्लेस्टेशन ४ आला नोव्हेंबर २०१३ ला, आणि त्याच्या पाच महिने आधी, जूनमध्ये, मरायला टेकलेल्या पीएस३ वर नॉटी डॉगने 'द लास्ट ऑफ अस' आणला! लोक आजही ज्याचं नाव घेतात, ज्याच्यावर पुढे मालिका निघाली, तो हा गेम साडेसहा वर्षांच्या यंत्रावर आला. आणखी पुढे गेले. प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० चा. त्याच वर्षी जूनमध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट २', जुलैमध्ये 'घोस्ट ऑफ त्सुशिमा', दोन्ही पीएस४ साठी! तीन पिढ्या, तिन्ही वेळा तेच! हा योगायोग कसला, हा त्या घराचा रिवाज आहे. ज्याने २०१३ च्या मे महिन्यात 'आता काय, नवा येतोच आहे' म्हणून पीएस३ फुंकून टाकला असेल, त्याने काय गमावलं!

आणि याचं कारणही किती साधं आहे. स्टुडिओला यंत्र कळायला वर्षं लागतात. पहिल्या वर्षीचे गेम चाचपडत लिहिलेले असतात. सहाव्या वर्षी त्याच माणसांना त्याच चिपचा कोपरा न् कोपरा ठाऊक झालेला असतो, कुठे किती ताणता येईल ते हाताला कळलेलं असतं. म्हणून शेवटचे गेम सर्वांत पिकलेले. पण हे घडायला एक अट आहे, कंपनीने तोवर पाठ फिरवलेली नसली पाहिजे.

याच पीएस२ ने आणखी एक सुखद धक्का दिला. २००० साली आलेल्या या यंत्रासाठी २००९ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी, 'हनुमान: बॉय वॉरियर' आणि 'देसी अड्डा' असे खास भारतातले गेम निघाले, तेही हैदराबादच्या स्टुडिओंनी केलेले! आपल्याकडच्या गेम पार्लरमध्ये तासावर पैसे देऊन ज्या यंत्रापुढे पोरं रांगा लावायची, ते हेच. १६ कोटींहून जास्त विकलं गेलेलं, आणि म्हातारपणीही ज्याच्याकडे नवी पाहुणेमंडळी येत राहिली असं यंत्र. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

आता निन्टेंडो. इथे मी खरंच वेडी झाले, कारण इथे सगळं उलटंपालटं आहे आणि तरी शेवटी किल्ली तीच लागते.

निन्टेंडोने २०१२ च्या नोव्हेंबरात वी यू नावाचा कन्सोल काढला. तो चालला नाही; जेमतेम १ कोटी ३५ लाख विकला गेला. पाच वर्षांत गुंडाळला. एक कारण असं की निन्टेंडोला दोन चुली सांभाळायच्या होत्या. हातात धरून खेळायचा ३डीएस वेगळा, टीव्हीचा वी यू वेगळा, आणि स्वतःच्या गेम बनवणाऱ्यांची ताकद दोन्हीकडे वाटलेली. एकीकडे भरून वाहतंय तर दुसरीकडे महिनोन् महिने कोरडं. तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी ही वाटणी मोडायला घेतली. २०१३ मध्ये हातातल्या आणि टीव्हीच्या यंत्रांचे हार्डवेअर विभाग एकत्र आणायचं ठरलं. इवाता जुलै २०१५ मध्ये गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेम बनवणारे दोन मोठे विभागही एक झाले. मग २०१७ मध्ये स्विच आला, जो टीव्हीलाही लागतो आणि हातातही मावतो, आणि हळूहळू निन्टेंडोच्या घरातला जवळजवळ प्रत्येक माणूस त्या एकाच यंत्रासाठी काम करायला लागला! झेल्डावाले, मारिओवाले, 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग'वाले, 'झेनोब्लेड' करणारे मोनोलिथ सॉफ्ट, आणि ज्याचे मुख्य गेम तोवर फक्त हातातल्या यंत्रांवर यायचे तो पोकेमॉनसुद्धा. सगळे एका ताटात! स्विच १५ कोटींच्या वर गेला त्याचं इंगित मला इथे दिसतं. चिप तर साधीच होती, एनव्हिडियाची टेग्रा एक्स१, २०१५ साली जाहीर झालेली, सोबत ४ जीबी रॅम. आकडे बघून घेणाऱ्याने हा कन्सोल पहिल्याच दिवशी बाद केला असता.

म्हणूनच तुम्हाला 'टिअर्स ऑफ द किंग्डम'बद्दल सांगायचंय. सांगायचंय म्हणजे काय, हातात धरून दाखवायचंय!

मी पहिला स्विच जुना घेतला, वापरलेला, आणि त्याच्यासोबत ही एक कॅसेट. (मुलं कार्ट्रिज म्हणतात, माझ्या तोंडी कॅसेटच येतं.) इवलीशी चपटी चौकोनी पट्टी, लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून तिच्यावर डेनाटोनियम बेंझोएट या अतिशय कडू पदार्थाचा लेप असतो, काय विचार केलाय! झेल्डा मालिकेतला हा गेम १२ मे २०२३ ला आला, म्हणजे स्विच सहा वर्षांचा झाल्यावर, आणि पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती गेल्या. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी, निर्माता एजी आओनुमा. यांनीच २०१७ मध्ये, स्विच आला त्याच दिवशी, 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' दिला होता. तीच माणसं, तेच यंत्र, मध्ये सहा वर्षांचा अभ्यास.

आणि त्या अभ्यासाचं फळ काय? सुरुवातीला तुम्ही ढगांवर तरंगणाऱ्या एका बेटावर असता. नायक लिंकच्या उजव्या हाताला एक शक्ती मिळते, अल्ट्राहँड. समोर झाड आहे. कुऱ्हाडीने तोडा, ओंडका होतो. हात पुढे करा, ओंडका हवेत उचलला जातो, चमकत. फिरवा, तिरका करा, दुसऱ्या ओंडक्याला लावा, मध्ये हिरवट डिंक पचकन पसरतो आणि दोन्ही चिकटतात. तिसरा लावा. झाला तराफा! त्याला मागे एक पंखा चिकटवा, तराफा पाण्यात लोटा, वर चढा, तलवारीने पंख्याला एक टोला हाणा, आणि पंखा भिरभिरायला लागतो, तराफा निघतो! माझा पंखा थोडा डावीकडे लागला होता. तराफा गोल गोल फिरायला लागला. मी ओरडलेच! कारण खऱ्या पाण्यातही असंच झालं असतं. डावीकडचा पंखा काढायचा तर कंट्रोलरची उजवी काडी हलवून गदागदा झटकायचा, की डिंक सुटतो. मधोमध लावला आणि तराफा सरळ पलीकडच्या काठाला! हे असंच करायचं असं गेमने कुठेही बजावलेलं नसतं. दोन पंखे लावा, शीड लावा, ओंडक्यांचा पूलच करा, नाहीतर काहीतरी असं करा जे बनवणाऱ्यांच्याही डोक्यात नसेल. प्रत्येक वस्तूला वजन आहे, तोल आहे, लाकूड तरंगतं, लोखंड वीज ओढून घेतं, गवत पेटतं, आणि पेटल्यावर वर उठणाऱ्या वाऱ्यावर छत्रीसारखं कापड उघडून तुम्ही उडू शकता. २०१५ च्या चिपवर! ४ जीबी रॅमवर!

आणि वाटेत एक कोरोक भेटतो, पानाच्या तोंडाचा छोटासा जीव, पाठीवर आपल्याहून मोठी पडशी, दमून बसलेला. त्याला लांब धूर दिसतोय तिथे मित्राकडे जायचंय. कसं पोचवायचं ते तुम्ही ठरवा. मी त्याच्यासाठी गाडी केली, चार चाकांची, त्याला वर चिकटवलं, आणि टेकडीवरून निघालो. त्या दोघांची भेट झाली तेव्हा मला झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

आणखी एक गोष्ट ऐका. लिंकला 'असेंड' नावाची शक्ती आहे. गुहेत आहात, छत वर आहे, बटण दाबा, आणि लिंक दगडातून पोहत थेट डोंगरमाथ्यावर बाहेर येतो. ही सोय मुळात बनवणाऱ्यांनी स्वतःसाठी केली होती, गुहा तपासून झाल्यावर पटकन वर यायला. मग त्यांना वाटलं, हे खेळणाऱ्यालाच का देऊ नये? गेम मार्च २०२२ मध्येच जवळजवळ पूर्ण झाला होता, आणि पुढचं वर्षभर निव्वळ घासूनपुसून लख्ख करण्यात गेलं. एक वर्ष, घासण्यात! एवढा वेळ त्याच स्टुडिओला मिळतो ज्याच्या कंपनीला ठाऊक असतं की यंत्र अजून घरोघरी चालू आहे आणि चालू राहणार आहे.

'मेट्रॉइड प्राइम ४' चंही तसंच. २०१७ च्या जूनमध्ये नाव जाहीर झालं. जानेवारी २०१९ मध्ये निन्टेंडोचे शिन्या ताकाहाशी कॅमेऱ्यासमोर आले आणि म्हणाले, काम आम्हाला हवं त्या दर्जाचं होत नाहीये, टेक्सासच्या रेट्रो स्टुडिओजकडे देऊन पहिल्यापासून सुरू करतोय. पहिल्यापासून! आणि तरी जुन्या स्विचवाल्यांना दिलेला शब्द २०२५ मध्ये पाळला. 'बायोनेटा' मालिकेचा दुसरा भाग निन्टेंडोने पैसा घातला म्हणून जन्माला आला, तिसरा २०२२ मध्ये स्विचवर आला. 'मारिओ कार्ट ८' तर मूळचा त्या पडलेल्या वी यू वरचा, २०१४ सालचा. २०१७ मध्ये तो स्विचवर आणला, आणि पाच वर्षांनी, २०२२ ते २०२३ मध्ये, त्याला ४८ नवे ट्रॅक जोडले. ४८ चे ९६ झाले! आमच्या घरी माझी आई हा खेळते. स्मार्ट स्टीअरिंग चालू केलं की गाडी रस्त्याबाहेर पडत नाही, आणि वेग आपोआप धरायचीही सोय आहे. एक जॉय-कॉन, म्हणजे स्विचचा सुटा होणारा कंट्रोलर, तिच्या हातात आडवा, दुसरा भाच्याच्या. "आजी, केळं टाक, केळं टाक मागे!" आणि आजी बरोबर त्याच्याच गाडीखाली केळं टाकते.

याच शोधात पुणं भेटलं, आणि मी खुर्चीतून उठलेच! 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला आहे. राजी नावाची मुलगी राक्षसांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते. राजस्थानी महालांसारख्या वास्तू, भिंतींवर चित्रांत सांगितलेल्या पुराणकथा, आणि कथा सांगतात दुर्गा आणि विष्णू. ऑगस्ट २०२० मध्ये हा गेम सर्वांत आधी स्विचवर आला. बाकीच्या यंत्रांवर दोन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये. आणि स्विच निन्टेंडोने भारतात अधिकृतपणे विकायला आणलेलाच नाही! पुण्यात बनलेला गेम जगाला आधी त्या यंत्रावर दिसला जे पुण्यात बाहेरून मागवावं लागतं. द गेम अवॉर्ड्सच्या २०२० च्या पदार्पणाच्या पुरस्काराच्या यादीत त्याचं नाव होतं. तुम्ही पुण्याचे असाल आणि खेळला नसाल तर आजच खेळा.

'राजी'वरून एक बारकावाही समजला. काही एक्सक्लूझिव्ह मुदतीचे असतात. 'राइज ऑफ द टूम रेडर' २०१५ मध्ये एक्सबॉक्सवर आला आणि वर्षभरात प्लेस्टेशनवर पोचला. असे गेम निवडीच्या हिशेबात धरायचेच नाहीत. धरायचे ते घरच्या स्टुडिओचे.

आणि घरचे स्टुडिओ निघून गेले की काय होतं, ते बघायचं असेल तर प्लेस्टेशन व्हिटा बघा. त्याची हकिगत वाचताना फार वाईट वाटलं मला. २०११ च्या डिसेंबरात आला, ओलेड पडदा, मागेसुद्धा टचपॅड, तेव्हाच्या मानाने अप्रतिम यंत्र. पहिली दोन वर्षं सोनीने छान गेम दिले, 'ग्रॅव्हिटी रश', 'किलझोन: मर्सिनरी', आणि मीडिया मॉलिक्यूलचा कागदी जगातला 'टेअरअवे'. मग पीएस४ जोरात चालला आणि सगळे स्टुडिओ तिकडे गेले. 'टेअरअवे' आणि 'ग्रॅव्हिटी रश' हेसुद्धा पुढे पीएस४ वर नेले. व्हिटा छोट्या स्टुडिओंनी आणि जपानी गेमवाल्यांनी जगवला, २०१९ मध्ये उत्पादन थांबलं. ज्या सोनीने टीव्हीच्या तीन यंत्रांना शेवटपर्यंत सोन्यासारखं सांभाळलं, त्याच सोनीने हातातल्या यंत्राला वाऱ्यावर सोडलं. म्हणजे नुसतं कंपनीचं नाव बघूनही भागत नाही. तिचे स्टुडिओ किती यंत्रांत वाटले गेलेत ते विचारायचं.

एक्सबॉक्सचं उत्तर तर आता थोडक्यात देता येतं. त्यांचे स्वतःचे गेम पहिल्याच दिवशी पीसीवरही येतात, आणि २०२४ पासून प्लेस्टेशनवरही यायला लागले. 'सी ऑफ थीव्ज' गेला, 'फोर्झा होरायझन ५' गेला, 'गिअर्स ऑफ वॉर' गेला, आणि ज्याच्या जोरावर २००१ मध्ये पहिला एक्सबॉक्स उभा राहिला तो 'हेलो'सुद्धा प्लेस्टेशनवर येत असल्याचं जाहीर झालं. जुने गेम नव्या यंत्रावर चालवून दाखवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, ते काम त्यांनी मनापासून केलंय. पण फक्त इथेच मिळेल असं काही हवं असेल तर एक्सबॉक्स घ्यायचं कारण उरलेलं नाही.

सोनीचेही बरेच गेम पीसीवर आले आहेत, पण उशिरा. 'गॉड ऑफ वॉर' २०१८ चा, पीसीवर २०२२ मध्ये. 'त्सुशिमा' २०२० चा, पीसीवर २०२४ मध्ये. 'ब्लडबोर्न' तर २०१५ चा असून आजही फक्त प्लेस्टेशनवर. घरी चांगला ग्राफिक्स कार्डवाला पीसी असेल आणि धीर असेल, तर पीएस५ ची निकड कमी होते. पीसी नसेल तर मात्र पीएस५ चं पारडं जड आहे, कारण पीएस४ चे जवळजवळ सगळे गेम त्यावर चालतात, म्हणजे एका यंत्रात दोन पिढ्या. आणि सोनीच्या घरी काय पिकतं, काय नाही, ते एकाच तारखेत दिसतं. ६ सप्टेंबर २०२४ ला टोकियोच्या टीम असोबीचा 'अ‍ॅस्ट्रो बॉट' आला, जो पुढे वर्षाचा सर्वोत्कृष्ट गेम ठरला. त्याच दिवशी सोनीचा 'कॉन्कॉर्ड' हा ऑनलाइन गेम दोन आठवड्यांत बंद झाला! त्यांच्या स्टुडिओंना एकट्याने खेळायचे, गोष्ट सांगणारे गेम करू द्यावेत, त्यातच त्यांचा जीव आहे, असं माझं ठाम मत. सोनीच्या सकर पंच स्टुडिओचंच बघा, २०२० ला 'त्सुशिमा', २०२५ ला 'घोस्ट ऑफ योतेई'. पाच वर्षांनी एक, पण काय एक!

आपल्याकडच्या खरेदीचंही सांगते. पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ पासून अधिकृत मिळतो, कंपनीची वॉरंटी मिळते. स्विच बाहेरून आलेला, म्हणून वॉरंटी दुकानदाराची. पावती आणि वॉरंटीचा कागद लेखी घ्या. निन्टेंडोच्या स्वतःच्या गेमची किंमत वर्षानुवर्षं फारशी उतरत नाही, पण म्हणूनच कॅसेट खेळून झाल्यावर विकली तरी चांगले पैसे येतात. आणि जमेल तिथे कॅसेटच घ्या. वी यू आणि ३डीएस यांचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, त्यानंतर तिथे नवा गेम विकत घेता येत नाही. ज्यांच्याकडे डिस्क किंवा कॅसेट आहे ते आजही खेळतायत. स्विच २ च्या काही कॅसेटींत फक्त किल्ली असते आणि गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो. डब्यावर तसं छापलेलं असतं, घेताना वाचा. 'मारिओ कार्ट वर्ल्ड' आणि 'डाँकी काँग बनान्झा' हे मात्र पूर्ण कॅसेटमध्येच मिळतात.

भाच्याला मी स्विच २ सांगितलाय. एकतर जुन्या स्विचचे बहुतेक सगळे गेम त्यावर चालतात, म्हणजे नऊ वर्षांचा साठा पहिल्याच दिवशी हातात. दुसरं, निन्टेंडोचे सगळे स्टुडिओ आजही एकाच ताटात जेवतात, आणि ती जुनी वाटणी पुन्हा होण्याचं चिन्ह नाही. त्याच्या बाबांचा कल पीएस५ कडे आहे. त्यांच्याशीही मी काल अर्धा तास बोलले आणि तेही ऐकायला लागलेत.

तुम्ही घ्यायला निघाला असाल तर दुकानदाराला आकडे विचारू नका. ज्या स्टुडिओंसाठी हे यंत्र घेताय त्यांची पाच नावं कागदावर लिहा, त्यांनी मागच्या यंत्राला शेवटच्या दोन वर्षांत काय दिलं ते बघा, आणि मग पैसे काढा. बजेट कमी असेल तर जुना, वापरलेला पहिला स्विच बिनधास्त घ्या. आणि कुठलाही स्विच घेतलात तरी पहिली कॅसेट 'टिअर्स ऑफ द किंग्डम'चीच घ्या.